'ट्राय करतो' म्हणणारे मामा

इंग्रजीतल्या 'ट्राय' या क्रियापदाचा अर्थ कुणाला हवा असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! शब्दकोश उघडू नये. शब्दकोशवाले म्हणतात, ट्राय म्हणजे प्रयत्न करणे. म्हणू देत बिचारे! त्यांना कधी आंबेगाव तालुक्यात घरचं कार्य काढायचं नसतं.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले खरी, पण 'ट्राय'वरचं माझं संशोधन लग्नानंतरचं. मिक्सर दुरुस्तीला दिला तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, शुक्रवारपर्यंत द्यायचा ट्राय करतो." तो मिक्सर अजून तिथेच आहे. एव्हाना त्यांच्या रेशनकार्डावर त्याचं नावही चढलं असेल! माझा नवरा सुदर्शन सकाळी गाडीवर बसताना म्हणतो, "आज लवकर यायचा ट्राय करतो गं." त्या दिवशी मी मुलीला एकटीने भरवते, एकटीने झोपवते आणि त्याचं ताट झाकून ठेवते. माझा अंदाज एकदाही चुकलेला नाही.

जुनी माणसं 'बघतो' म्हणायची. त्या 'बघतो'मध्ये निदान डोळे उघडे असायचे! 'ट्राय करतो' म्हणजे 'नाही'ला घातलेला इस्त्रीचा शर्ट. आमच्याकडे माणसाला न येण्याची लाज वाटत नाही, 'येणार नाही' असं म्हणायची वाटते. मग इंग्रजी धावून येतं. दोन शतकं आपल्याला छळून साहेब गेला आणि जाताना न येणाऱ्यांची सोय करून गेला!

तर हे माझं शास्त्र. त्याच्या जोरावर मी माझ्या मुलीच्या जावळाचा बेत आखला.

आमची समृद्धी, म्हणजे समू, अकरा महिन्यांची झाली होती. केस डोळ्यांवर यायचे, मे महिन्याच्या उकाड्यात मानेवर घामोळं. मी रोज मोबाईलवर 'बाळाच्या मानेवर लाल पुरळ' असं शोधायचे आणि रोज एक नवा आजार घेऊन झोपायचे. त्यात सासूबाई गावच्या भैरवनाथाला बोलून बसलेल्या, की वाढदिवसाच्या आत नातीचं जावळ तुझ्या पायाशी काढीन. वाढदिवस तोंडावर आला होता. येत्या रविवारी उरकायचं ठरलं.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. पहिली बट मामाने कापायची, मग उरलेलं सलूनवाल्याने. मांडी मामाचीच हवी! आणि खरी गोम तिथेच होती. माझा सख्खा भाऊ अमृत समूच्या बारशाला आलाच नव्हता. तेव्हाही तो म्हणाला होता, "ताई, ट्राय करतो." माझी मोठी नणंद रत्नाताई मंचरला दिलेली आहे. तिने ते बारसं लोणच्यासारखं मुरवत ठेवलंय. संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणाली, "समूला मामा हाय ना गं वृषाली? का नुसता फोनमध्येच असतो?" होळीला पुन्हा तेच. आता जावळालाही मामा आला नाही, तर माझ्या माहेरचं नाक मंचरच्या भर बाजारात कांद्याबरोबर लिलावाला निघणार होतं!

अमृतला फोन लावला. आमचं माहेर तळेघरच्या वरच्या अंगाला, आणि अमृत रोज तिथून खाली घोडेगावात उतरून शेतावरच्या मोटारी दुरुस्त करतो. फोन उचलला तेव्हा मागे काहीतरी घरघरत होतं.

"ताई, लई मोटारी पडल्यात बघ. हंगाम तोंडावर आलाय. पर ट्राय करतो."

"नक्की सांग."

"नक्कीच सांगतोय की. ट्राय करतो."

मी फोन ठेवला. बारशाला ट्राय, जावळाला ट्राय! बहिणीची एकुलती एक मुलगी, आणि ह्याला पाण्याच्या मोटारी प्यार!

इतक्यात सासूबाईंनी विचारलं, "येतोय ना अमृत?"

कोपऱ्यात माहेरपणाला आलेली रत्नाताई शेंगा फोडत बसली होती. तिची शेंग हातात तशीच थांबली. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला टायफॉईड झालाय!"

टायफॉईडच का, असं कुणी विचारेल. सर्दी म्हटलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, येऊ दे की, वाफ देऊ. मलेरिया उन्हाळ्यात शोभत नाही. भाजीवालीला भाज्या पाठ असाव्यात तसे मला आजार पाठ आहेत. मी मोजून मापून निवडला होता. वर सलाईनही लावली.

"अरे देवा!" सासूबाई हळहळल्या. रत्नाताईने शेंग फोडली. नुसती शेंग फोडण्यातूनही माणूस किती टोचून बोलू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आता बदली मामा शोधणं आलं. माझा मावसभाऊ गोरख जुन्नरचा. द्राक्षबाग आणि बैलगाडा शर्यत, याखेरीज जगात तिसरी गोष्ट आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "आगं ताई, त्याच दिवशी आपला बैल पळायचाय घाटात! पर ट्राय करतो."

खोडला!

मग सासूबाईंनाच सुचलं. उन्हाळ्यात आमच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायला सावळेराम येतो. आठ-पंधरा दिवस त्याचा कळप आमच्या रानात असतो, आणि तो मला ताई म्हणतो. सासूबाई म्हणाल्या, "मानलेला मामा बी चालतो. काय रे सावळेराम, बसशील का पाटावर?"

दारात उभ्या असलेल्या सावळेरामने डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. "बसलो असतो की. पर बिबट्या हिंडतोय उसातनं, मेंढरं टाकून कसा येऊ? ट्राय करतो, आई."

सावळेराम! तूसुद्धा! म्हणजे हा रोग मेंढरांच्या कळपापर्यंत पोचला होता.

माझ्या शास्त्राप्रमाणे हिशेब सरळ होता. तीन मामा, तिघांचा ट्राय, म्हणून येणारा मामा एकही नाही. मग मी स्वतःच पाटावर बसायचं ठरवलं. 'आता काळ बदललाय, आईची मांडी काय कमी पवित्र असते?' असं एक तेजस्वी भाषणही पाठ केलं. रत्नाताई गप्प होईल असं एक वाक्य त्यात दोनदा घातलं.

या सगळ्या ट्राय करणाऱ्यांच्या गर्दीत एकच माणूस भेटला. मंचरचे सलूनवाले भगवंतभाऊ! त्यांची निवड मी अशी तशी केलेली नव्हती. समूला कडेवर घेऊन मी मंचरच्या सलूनांसमोर उभी राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांच्या माना तपासायचे. दोन-तीन पुरुष घाबरून रस्ता ओलांडून गेले. पण भगवंतभाऊंच्या गिऱ्हाइकांच्या मानेवर ओरखडा नसायचा.

"भाऊ, पातं नवं हवं. माझ्यासमोर पाकीट फोडायचं. हात सॅनिटायझरने धुवायचे."

"वैनी, तुमी नुसतं यायचं! मी सकाळी नवाला देवळात हजर. शंभर टक्के!"

शंभर टक्के! ऐकलंत? ह्याला म्हणतात शब्द. मी घरी येऊन सुदर्शनला सुनावलं, "शिका जरा!" तो म्हणाला, "ट्राय करतो."

रविवार उजाडला. भैरवनाथाच्या मंडपात पाट मांडला, भोवती रांगोळी, चुलीवर लापशी. नऊ वाजून गेले, भगवंतभाऊ आले नव्हते. गर्दी असेल हायवेला, मी म्हटलं. शंभर टक्क्यांना थोडा उशीर होणारच! मी समूला घेऊन पाटावर बसले आणि खाकरले. रत्नाताईने कंबरेवर हात ठेवले.

"आता काळ बदललाय," मी सुरुवात केली.

"ताई! थांबा, थांबा!"

सावळेराम! नवं धोतर, गुलाबी पागोटं, काखेत काठी. "पुतन्याला बसवलं मेंढरांपाशी. ट्राय करतो म्हनलो व्हतो ना?" त्याने पिशवीतून समूसाठी भेट काढली. जाड, काळ्या लोकरीची कानटोपी. मे महिन्यात! "आमच्या मेंढराची लोकर हाय. लई ऊब धरती," तो अभिमानाने म्हणाला. मी ती दोन बोटांत धरून पिशवीच्या तळाशी घातली. सासूबाईंनी मला पाटावरून उठवून त्याला बसवलं, समूला त्याच्या मांडीवर दिलं. समूने लगेच त्याच्या मिशा पकडल्या. भाषण तसंच राहिलं.

एवढ्यात बाहेर जीप थांबली आणि तिच्यातून आधी एक टेडी उतरला. त्याच्या मागे कुठेतरी गोरख होता. टेडी इतका मोठा, की एसटीत त्याचं पूर्ण तिकीट लागलं असतं!

"ताई! अवकाळीनं घाटात चिखल झाला, शर्यतच रद्द! म्हनलं, ट्राय करतो म्हनलोय, तर जाऊच." मग पाटाकडे बघून त्याचा चेहरा पडला. "ह्यो कोन बसलाय माझ्या जागेवर?"

"मी मामा हाय," सावळेराम म्हणाला.

"मामा मी हाय!"

"एका भाचीला मामा किती गं वृषाली?" रत्नाताई लाडू वाटल्यासारखी सगळ्यांकडे बघत म्हणाली. "सख्खा सोडून सगळे आले वाटतं!"

आणि तेवढ्यात सख्खा आला.

शर्टाला कांद्याची सालपटं, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, हातात कापडी पिशवी. "ताई, झालं न्हाई ना गं अजून?" अमृत धापा टाकत म्हणाला. "वरनं सकाळची गाडीच आली न्हाई. घोडेगावापातूर चालत न् कुनाच्या मागं बसत आलो. तिथनं कांद्याच्या टेंपोत गोन्यांवर बसलो, तर मंचरात ही गर्दी! मग उतरलो न् सुटलो चालत."

मला हुंदका आला. खरंच आला! पण तो बाहेर पडायच्या आत सासूबाईंच्या हातून आरतीचं ताट खाली पडलं.

"आगं बया! पावणं, तुमी अंथरुनातनं उठलात कशाला?"

"उठलो म्हंजे?"

"टायफॉईड ना तुमाला! सलाईन लावलीय म्हनली ही!"

 मंडपात एकदम पळापळ! रत्नाताईने आपल्या दोन्ही पोरांच्या नाकांवर पदर दाबला. गोरख नुकताच अमृतच्या गळ्यात पडला होता, तो उडी मारून मागे आला आणि टेडीला हात पुसू लागला. सावळेराम समूला छातीशी धरून म्हणाला, "मेंढराला ताप आला की आमी त्याला कळपातनं बाजूला बांधतो."

अमृतने माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या घंटेकडे पाहिलं. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की मी असंच वर बघायचे आणि मार अमृत खायचा. त्याला ती नजर ओळखीची होती.

"व्हय व्हय," तो म्हणाला. "टायफॉईड व्हता. परवापातूर लईच व्हता."

"आणि आता?" रत्नाताई पदराआडून.

"आता न्हाई."

"टायफॉईड असा दोन दिवसांत जातो होय?"

"आपन ट्राय करायचा, ताई. केला. गेला!"

इथे सगळं निभावलं असतं. पण सासूबाईंना ऐन वेळी माझी शिकवण आठवली. "नको रं बाबा, पोरीपाशी नको जाऊस. वृषालीच म्हनती, एका शिंकंत लाख जंतू असत्यात! आमाला तर हात धुतल्याबिगर पाळन्याला बी शिवू देत न्हाई." त्यांनी माझ्याच पर्समधलं सॅनिटायझर काढलं आणि मंडपात गोमूत्रासारखं शिंपडलं! अमृतला पार टोकाला, चपलांच्या ढिगाजवळ बसवलं. सगळ्यांना लापशी वाढली, त्याच्यापुढे तांदळाची पेज आली. बिनमिठाची! टायफॉईडला बरी म्हणून.

तो तळेघरच्या वरून उपाशी निघालेला माणूस. एकदा पेजेकडे, एकदा लापशीकडे बघून त्याने मुकाट्याने वाटी तोंडाला लावली. आणि पाटावर, त्याच्या जागेवर, गोरख आणि सावळेराम एकमेकांना ढुंगणाने सरकवत होते.

"टायफॉईड खोटा आहे!" मी ओरडले. देवळात जरा जास्तच घुमलं ते. "तो ठणठणीत आहे. मला वाटलं येणारच नाही, म्हणून मीच सांगितलं!"

"मग आजारी कोन व्हतं?" सासूबाई गोंधळल्या.

"माझं इंग्रजी!"

"आगं, मी म्हनलो व्हतो की, ट्राय करतो म्हनून," अमृत म्हणाला.

"म्हणूनच तर! बारशालाही तेच म्हणाला होतास!"

"बारशाला बी निघालो व्हतो. डिंभ्याच्या पुढं दरड आलेली, माघारी फिरावं लागलं. तुला सांगितलं असतं तर बाळंतपनात काळजी करत बसली असतीस. तू काय, सर्दीला बी टायफॉईड म्हनतेस."

मंडप हसला. सासूबाई हसल्या, सावळेराम हसला.  रत्नाताईने उठून अमृतपुढची पेज उचलली, लापशीचं ताट ठेवलं आणि वर तुपाची धार सोडली. माझ्या लग्नापासून मी तिच्या हातून एवढं तूप सुटताना पाहिलं नव्हतं!

मांडीचा मान अमृतला मिळाला. पण समूने सावळेरामच्या मिशा काही सोडल्या नाहीत आणि गोरख काही पाटावरून उठेना. शेवटी तिघं एका रांगेत बसले. समूचं डोकं अमृतच्या मांडीवर, पाय गोरखच्या, आणि सावळेराम मिशांनी बांधलेला, वाकलेला. फोटो काढताना सुदर्शनला टेडीही मामांतच धरावा लागला.

"चला, सलूनवाल्यांना बोलवा," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे लक्षात आलं. शंभर टक्के अजून आलेच नव्हते!

मी फोन लावला. पलीकडून भोंग्याचा कर्कश आवाज आला, "झाली झाली झाली! उचल की टाका!"

"भगवंतभाऊ! कुठे आहात?"

"वैनी, निघालोच! शंभर टक्के येतो! ह्यो एक फेरा बघतो न्..." पुढचं भोंग्याने खाल्लं.

गोरखने कान टवकारले. "ताई, ह्यो कुठला घाट? शर्यत चालू हाय तिथं?" आणि समूचे पाय टेडीच्या मांडीवर ठेवून तो जीपची किल्ली शोधू लागला.

"मुहूर्त टळतोय!" सासूबाई रडकुंडीला आल्या.

"माझ्यापाशी कातर हाय," सावळेराम म्हणाला. "मेंढरांची. पिशवीतच असती. लई धार हाय, सररर जाती." त्याने ती काढली. ती एवढी होती, की तिने समूचं नाही, अख्ख्या मंडपाचं जावळ निघालं असतं!

मी किंचाळून पर्स पालथी केली. थर्मामीटर, तापाचं औषध, मलम, आणि सगळ्यात खाली समूची नखं कापायची कात्री. गोल टोकाची, प्लॅस्टिकची गुलाबी मूठ, माझ्या अंगठ्याएवढी. सॅनिटायझर सगळं देवळात शिंपडून संपलं होतं, म्हणून उकळत्या पाण्यात बुडवली. अमृतने मोटारीची बारीक तार सोलावी तशी जिवणी दाबून पहिली बट कापली. समू हसली. मी रडले.

मग गोरख म्हणाला, मी जुन्नरवरनं आलोय, एक तरी बट मला. मग सावळेरामलाही नाही कसं म्हणायचं? दोघांनी कापलं. त्या कात्रीची ताकद तेवढ्यातच संपली. समूच्या डोक्यावर तीन टकलं पडली, एक समोर, एक कानावर, एक मागे. जणू बिबट्याचं पिल्लू डोक्यावरून चालत गेलं होतं!

सुदर्शन म्हणाला, भगवंतभाऊंना परत कशाला, दुसरा कुणी बघू. मी त्याला झिडकारलं. ज्याच्या गिऱ्हाइकांच्या माना मी स्वतः तपासल्यात, त्याच्याशिवाय माझ्या मुलीच्या डोक्याला कुणी पातं लावायचं नाही!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. ते जरा ओशाळले होते. म्हणाले, "वैनी, आता शंभर टक्के म्हनत न्हाई. उद्या घरी यायचा ट्राय करतो."

ट्राय करतो! मी फोन ठेवला तो आनंदात. आता मला ह्या क्रियापदाचा खरा अर्थ कळला होता. ट्राय करतो म्हणणारा माणूस न आलेली गाडी, गर्दी, बिबट्या, कशालाही न जुमानता येतो म्हणजे येतोच! सासूबाईंना मी छातीठोकपणे सांगितलं, "सकाळी पाणी तापवून ठेवा. येणारच!"

पाणी तापलं. निवलं. पुन्हा तापलं. वाढदिवससुद्धा होऊन गेला.

केकच्या फोटोत समूच्या डोक्यावर काळ्या लोकरीची कानटोपी आहे. ऐन मे महिन्यात! कुणी विचारलंच की पोरीला एवढं काय झालंय, तर मी घंटेकडे बघितल्यासारखं वर बघते आणि सांगते, "टायफॉईड!"